२५ विरुद्ध १४ : मांडूच न दिलेल्या एका विधेयकाचे प्रकरण

ज्या सभागृहात सरकारचे बहुमत घटनेनेच जवळजवळ बांधून दिलेले आहे, तिथे विरोधी बाकांवरच्या एकट्या अपक्ष सदस्याच्या भाषणाला आणि विधेयकाला किती किंमत असते, हे तपासण्यासाठी हे प्रकरण निवडले आहे. ते आयर्लंडमध्ये १९६९ ते १९७९ या काळात घडले, आणि विषय होता गर्भनिरोधक साधनांवरची कायदेशीर बंदी उठवण्याचा. त्याच्या केंद्रस्थानी सिनेटर मेरी रॉबिन्सन आहेत, ज्या पुढे १९९० मध्ये त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. नंतरच्या या यशामुळे आधीच्या दहा वर्षांतला प्रत्येक पराभव म्हणजे जणू ठरवून चढलेली पायरी होती, असे वाटू लागते. तो मोह इथे टाळला आहे, कारण त्या वेळी सभागृहात बसलेल्या कोणालाही पुढचे काही ठाऊक नव्हते. सार्वजनिक पदांवरील व्यक्तींची नावे लेखात आहेत. ज्या सामान्य कुटुंबाच्या दाव्याने प्रकरणाला वळण दिले, त्याचे नाव मुद्दाम घेतलेले नाही.

पार्श्वभूमी

आयर्लंडच्या संसदेत लोकांनी थेट निवडलेले कनिष्ठ सभागृह म्हणजे डॉल आणि वरिष्ठ सभागृह म्हणजे शॅनद. दोन्हींचे कामकाज डब्लिनमधल्या लेन्स्टर हाउस या अठराव्या शतकातल्या वाड्यात चालते. शॅनदमध्ये ६० सदस्य असतात. त्यांपैकी ११ जणांना पंतप्रधान थेट नेमतात, ४३ जण निरनिराळ्या व्यवसायक्षेत्रांच्या पाच गटांतून संसद सदस्य आणि स्थानिक कौन्सिलर यांच्या मतांवर येतात, आणि उरलेले ६ जण विद्यापीठांचे पदवीधर निवडून देतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. आपल्या विधान परिषदेतही आमदारांनी, स्थानिक स्वराज्य संस्थांनी आणि पदवीधरांनी पाठवलेले सदस्य शेजारीशेजारी बसतात. आणि राष्ट्रपतींनी राज्यसभेवर १२ सदस्य नेमण्याची कल्पना तर आपल्या घटनाकारांनी आयर्लंडच्याच घटनेवरून घेतली. पंतप्रधानांच्या हातात ११ जागा असल्यामुळे शॅनदमध्ये सरकार सहसा अल्पमतात जात नाही. गेलेच, तरी शॅनदला सर्वसाधारण विधेयक फार तर ९० दिवस अडवून धरता येते.

त्या काळी पदवीधरांच्या ६ जागांपैकी ३ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या होत्या. त्यांतल्या एका जागेवर १९६९ मध्ये मेरी रॉबिन्सन वयाच्या २५ व्या वर्षी निवडून आल्या. पश्चिमेकडच्या मेयो काउंटीतल्या बॅलिना गावच्या डॉक्टर दांपत्याची ही मुलगी ट्रिनिटीत आणि नंतर हार्वर्डमध्ये कायदा शिकली होती आणि त्याच वर्षी ट्रिनिटीत कायद्याची प्राध्यापक झाली होती. घराणे कॅथलिक. कॅथलिक मुलामुलींनी ट्रिनिटीत शिकायचे तर त्या काळी डब्लिनच्या आर्चबिशपांची परवानगी लागत असे, आणि ही अट १९७० मध्ये उठली. म्हणजे ज्या मतदारसंघातून त्या आल्या, तो मुळातच देशातल्या बहुसंख्यांच्या दृष्टीने थोडा परका होता. या गोष्टीचा त्यांना फायदा झाला, कारण पदवीधर मतदारांना गावच्या पाद्र्याची भीड नव्हती. आणि तोटाही झाला, कारण 'ट्रिनिटीवाल्यांचे खूळ' असा शिक्का मारणे विरोधकांना सोपे गेले.

वादाच्या मुळाशी होते १९३५ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाचे कलम १७. पुढचा सगळा गुंता याच कलमाच्या बांधणीतून निघाला, म्हणून ते जरा नीट पाहू. पहिल्या उपकलमाने गर्भनिरोधक साधने विकणे, विक्रीसाठी ठेवणे, त्यांची जाहिरात करणे आणि विक्रीसाठी ती परदेशातून आणणे यांवर बंदी घातली. शिक्षा ५० पौंडांपर्यंत दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तिसऱ्या उपकलमाने हीच साधने कस्टमच्या १८७६ च्या जुन्या कायद्यातील निषिद्ध मालाच्या यादीत घातली, आणि त्यामुळे स्वतःच्या वापरासाठी मागवलेले पाकीटही बंदरावर जप्त होऊ लागले. वापरणे मात्र कुठेही गुन्हा ठरवलेले नव्हते. त्याच्या जोडीला १९२९ चा प्रकाशन नियंत्रण कायदा होता, ज्यामुळे या विषयावरची माहितीपुस्तिका छापणेही कायद्याच्या कक्षेत येत होते.

प्रत्यक्षात १९६० च्या दशकाअखेर पळवाटा रुळल्या होत्या. गर्भनिरोधक गोळी 'पाळी नियमित करणारे औषध' म्हणून डॉक्टर लिहून देत. १९६९ मध्ये डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमध्ये एक दवाखाना सुरू झाला. तिथे साधने फुकट दिली जात आणि रुग्ण स्वखुशीने देणगी देत, कारण गुन्हा होता तो विक्रीचा. ज्यांच्याकडे पैसा, ओळखीचा डॉक्टर किंवा इंग्लंडमधला नातेवाईक होता त्यांचे निभावत होते, आणि खेड्यातल्या बाईला यातले काहीच उपलब्ध नव्हते.

देशातले ९० टक्क्यांहून अधिक लोक कॅथलिक, घटनेत चर्चला 'विशेष स्थान', आणि पोप पॉल सहावे यांनी जुलै १९६८ मध्ये कृत्रिम संततिनियमनाला स्पष्ट नकार दिलेला. राजकारण्यांच्या स्मरणात आणखी एक गोष्ट ताजी होती. १९५१ मध्ये आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांनी माता-बालकांसाठी मोफत वैद्यकीय योजना आणली, बिशपांनी हरकत घेतली, मंत्रिमंडळाने माघार घेतली आणि ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. पुढची वीस वर्षे डब्लिनमधला प्रत्येक मंत्री तो धडा गिरवत होता.

नेमका प्रश्न

वरवर पाहता प्रश्न एका कालबाह्य कलमाच्या दुरुस्तीचा होता. पण सरकारच्या बाजूने पाहिले, तर आहे ती स्थिती सोयीची होती. कायदा पुस्तकात असल्यामुळे चर्च समाधानी होते आणि अंमलबजावणी ढिली असल्यामुळे शहरी मध्यमवर्गाची फारशी ओरड नव्हती. या विषयावर मौन हेच धोरण होते, आणि मौनाला विरोध करायचा तर आधी कोणीतरी सभागृहात तोंड उघडायला हवे होते.

रॉबिन्सन यांच्याकडे पक्ष नव्हता, आणि कामकाजाच्या वेळेवरही त्यांचा ताबा नव्हता. त्यात कार्यपद्धतीची अडचण होती. अशासकीय विधेयक मांडण्यासाठी आधी सभागृहाची अनुमती घ्यावी लागे. हेच प्रथम वाचन. एरवी ते एका मिनिटात उरकते. अनुमती मिळाल्यावर विधेयक छापण्याचा आदेश निघतो आणि मग त्यातली कलमे लोकांसमोर येतात. अनुमतीच नाकारली, तर संसदेचा कागद म्हणून ते विधेयक अस्तित्वातच येत नाही. म्हणजे विधेयकाच्या आशयावर एक शब्दही न बोलता ते संपवण्याची सोय बहुमताच्या हाती होती, फक्त शिष्टाचार म्हणून ती सहसा वापरली जात नसे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय विधेयकाऐवजी चर्चेचा ठराव आणण्याचा होता. तो सुरक्षित होता. दोन तास भाषणे झाली असती, मंत्र्यांनी 'शासन विचार करत आहे' असे उत्तर दिले असते आणि कोणालाही मत नोंदवावे लागले नसते. नेमका तोच त्याचा दोष होता.

दुसरा पर्याय न्यायालयाचा. १९६० च्या दशकात आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेत स्पष्ट न लिहिलेले वैयक्तिक हक्कही घटनेतून निघू शकतात, असे म्हणायला सुरुवात केली होती, आणि घटनात्मक कायदा हा रॉबिन्सन यांचा हातखंडा विषय. पण त्यासाठी प्रत्यक्ष नुकसान झालेली व्यक्ती पुढे यावी लागते, आणि या विषयात आपले खासगी आयुष्य वृत्तपत्रांत मांडायला तयार असलेले जोडपे १९७० मध्ये मिळणे कठीण होते.

तिसरा पर्याय आधी एखाद्या पक्षात जाऊन तिथून दबाव आणण्याचा. मजूर पक्ष विचाराने जवळचा होता, पण त्याचेही ग्रामीण सदस्य या विषयाला बिचकत होते आणि पक्षात गेल्यावर पक्षादेश पाळावा लागला असता. सरकारच्या विधेयकाची वाट पाहणे हा चौथा पर्याय होता. कलम लागू होऊन ३५ वर्षे झाली होती, तेवढीच वाट आधीही पाहून झाली होती.

उरला स्वतःचे विधेयक आणण्याचा मार्ग. ते संमत होण्याची शक्यता नव्हती, हे साधी बेरीज येणाऱ्या कोणालाही कळत होते. तरीही या मार्गाचा एक गुण इतर कोणत्याही मार्गात नव्हता: विधेयक आले की सरकारला 'हो' किंवा 'नाही' म्हणावे लागते आणि मतविभाजन झाले तर कोण कुठल्या बाजूला गेले त्याची नावानिशी नोंद राहते.

पहिली कृती : १९७१

रॉबिन्सन यांनी आणखी दोन विद्यापीठ सिनेटरांना सोबत घेतले. ट्रिनिटीतून आलेले गणितज्ञ ट्रेव्हर वेस्ट आणि राष्ट्रीय विद्यापीठाच्या पदवीधरांनी निवडलेले पत्रकार जॉन हॉर्गन. तिघांच्या नावाने 'फौजदारी कायदा दुरुस्ती विधेयक, १९७१' तयार झाले. निवडलेले नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे त्याचा पुन्हा विचार करावा लागणार आहे.

विधेयकाची नुसती कुणकुण लागताच चर्चची प्रतिक्रिया आली. मार्च १९७१ मध्ये डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅकक्वेड यांचे पत्र त्यांच्या धर्मप्रांतातल्या चर्चमधून वाचून दाखवले गेले. असा कायदा झाला तर तो देशाला शाप ठरेल, अशा आशयाचे ते पत्र होते. बॅलिनाच्या कॅथेड्रलमधूनही गावच्या या लेकीवर टीका झाली आणि ती तिच्या आईवडिलांना सोसावी लागली. घरी येणाऱ्या टपालात शिव्याशापांच्या पत्रांचा ढीग साचू लागला. रॉबिन्सन यांनी नंतर सांगितलेली त्यातली एक आठवण तो काळ डोळ्यांसमोर उभा करते: काही पाकिटांतून बागकामाच्या हातमोज्यांची कापलेली बोटे निघत. पाठवणाऱ्याला निरोध म्हणजे काय ते दाखवून बाईंना लाजवायचे होते, पण खरा निरोध त्याला मिळणार कुठून? तो विकण्यावर बंदी होती, आणि ती बंदी टिकावी म्हणूनच तर हे पत्र.

विधेयकाची सूचना कार्यक्रमपत्रिकेवर असूनही तिच्यासाठी वेळ दिला जात नव्हता. रॉबिन्सन आणि हॉर्गन यांच्यासमोर इथे पहिला खरा निर्णय होता. विषय तापलेला असताना थांबायचे, की दररोज कामकाजाचा क्रम ठरताना 'हे कधी घेणार?' असे विचारत राहायचे? त्यांनी विचारत राहण्याचे ठरवले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातले विरोधी सदस्याचे सर्वांत उपयुक्त काम हेच होते, जरी त्यात वक्तृत्व काहीच नव्हते. दर वेळी प्रश्न विचारला की इतिवृत्तात नोंद होई, वृत्तपत्रांत दोन ओळी येत आणि सरकारच्या सभागृह नेत्याला काहीतरी कारण द्यावे लागे.

त्याच दरम्यान सभागृहाबाहेर एक घटना घडली, जिच्याशी रॉबिन्सन यांचा थेट संबंध नव्हता. २२ मे १९७१ रोजी आयरिश स्त्रीमुक्ती चळवळीतल्या ४७ महिला डब्लिनहून आगगाडीने बेलफास्टला गेल्या. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश कायदा असल्याने तिथे ही साधने उघड मिळत. परतल्यावर कॉनॉली स्थानकावर त्यांनी कस्टम अधिकाऱ्यांसमोर खरेदी केलेला माल नाचवला. चिठ्ठीशिवाय गर्भनिरोधक गोळी मिळत नव्हती म्हणून काहींनी ॲस्पिरिनच्या गोळ्या घेऊन तीच 'ती' गोळी असल्याचे भासवले. कस्टमवाल्यांनी कोणालाही अटक केली नाही, आणि कायदा राबवण्याची इच्छा सरकारलाही नाही, हे सर्वांना दिसले.

७ जुलै १९७१ रोजी प्रथम वाचनाचा प्रश्न अखेर मताला आला. विधेयक मांडू देण्याच्या बाजूने १४, विरोधात २५. विधेयक छापले गेले नाही. ६० सदस्यांच्या सभागृहात मते पडली ३९. बाकीच्यांपैकी किती जण खरोखर कामात होते आणि किती जणांना त्या दिवशी सोयीस्कर काम निघाले, हे आकडे सांगत नाहीत. पुढच्या वर्षी डॉलमध्ये नोएल ब्राउन आणि जॉन ओ'कॉनेल यांनी अशाच आशयाचे विधेयक आणले, तेही पहिल्याच पायरीवर अडवले गेले.

न्यायालयाचा दरवाजा

जो पर्याय १९७० मध्ये शक्य वाटत नव्हता, तो अनपेक्षितपणे उघडला. डब्लिनच्या उत्तरेला स्केरीझ नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. तिथे एक मच्छीमार, त्याची विशीतली पत्नी आणि चार मुले फिरत्या घरात, म्हणजे मोबाइल होममध्ये, राहत. गरोदरपणात तिची प्रकृती वारंवार गंभीर झाली होती आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन गेली होती. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले. 'पाळी नियमित करणारी' गोळी हीच काय ती उपलब्ध पळवाट, पण गुठळीच्या इतिहासामुळे ती तिला देता येत नव्हती. डॉक्टरांनी डायाफ्राम, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी बसवायचे गर्भनिरोधक साधन, बसवून दिला आणि त्याच्यासोबत वापरायची जेली तिने इंग्लंडहून टपालाने मागवली. ते पाकीट कस्टमने १९३५ च्या कलमाच्या आधारे जप्त केले.

जोडप्याने हार मानली नाही. उच्च न्यायालयात दावा फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९७३ रोजी ४ विरुद्ध १ अशा मतांनी तो मान्य केला. विवाहितांच्या खासगी आयुष्याचा हक्क घटनेत अध्याहृत आहे आणि कलम १७ चे तिसरे उपकलम त्याचा भंग करते, असा निकाल लागला. पण रद्द झाले ते फक्त तिसरे उपकलम. पहिले उपकलम जसेच्या तसे राहिले. परिणामी स्वतःसाठी परदेशातून मागवणे कायदेशीर झाले आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तेच विकणे गुन्हा राहिला.

संसदेने जे दोन वर्षांपूर्वी वाचायलाही नकार दिला, ते न्यायालयाने अर्धवट करून संसदेच्या दारात ठेवले. अर्धवट यासाठी की न्यायालय कलम खोडू शकते. दुकानदाराने कोणाला, कोणत्या अटींवर विकावे, हे ते लिहून देऊ शकत नाही.

दुसरे विधेयक आणि दुसरा निर्णय

दरम्यान मार्च १९७३ मध्ये सरकार बदलले होते. तोवर सत्तेत असलेल्या फियना फॉल पक्षाच्या जागी फिने गेल आणि मजूर या पक्षांची आघाडी आली, लियाम कॉसग्रेव्ह पंतप्रधान झाले. रॉबिन्सन अपक्षच होत्या, म्हणजे सरकारच्या बाहेरच. निकाल लागायच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये, त्यांनी नवे विधेयक मांडले होते आणि या वेळी त्याचे नाव होते 'कुटुंबनियोजन विधेयक, १९७३'. पहिल्या विधेयकाच्या शीर्षकात 'फौजदारी' हा शब्द होता, त्यामुळे वाद गुन्हा आणि नीती यांच्याभोवती फिरला. 'कुटुंबनियोजन' म्हटल्याबरोबर प्रश्न आरोग्याच्या खात्यात गेला. कायद्याच्या प्राध्यापकाला पहिला शब्द तांत्रिकदृष्ट्या अचूक वाटला असणार, पण ऐकणाऱ्याने शीर्षकावरूनच बाजू घेतली, हे त्यांना एका पराभवानंतर कळले.

त्याच महिन्यात बिशपांनीही एक निवेदन काढले. साधनांच्या वापराला त्यांचा विरोध कायम होता, पण चर्च ज्याला अनैतिक मानते ते सर्व राज्याने बंद केलेच पाहिजे असे नाही, हे त्यांनी त्यात मान्य केले. रॉबिन्सन हेच तर मांडत होत्या: खासगी नीती आणि फौजदारी कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उत्तर आयर्लंडमधल्या प्रोटेस्टंटांना एकत्र देशाचे निमंत्रण द्यायचे तर आपला कायदा एकाच पंथाचा दिसता कामा नये. १९७२ च्या डिसेंबरात सार्वमताने घटनेतले चर्चचे 'विशेष स्थान' काढून टाकल्यावर या युक्तिवादाला आणखी धार आली होती.

या वेळी प्रथम वाचनाला अनुमती मिळाली, विधेयक छापले गेले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये द्वितीय वाचनाची चर्चा सुरू झाली. तीन वर्षांपूर्वी ज्या विषयाला सभागृहाने दार लावले, त्यावर आता कलमवार भाषणे होत होती आणि ती इतिवृत्तात जात होती. मात्र सरकारने आपलेही विधेयक आणण्याचे ठरवले होते, आणि त्यामुळे आघाडीच्या सदस्यांना सभ्य सबब मिळाली: विषय मान्य, पण सरकारचे येते आहे ना, मग हे कशाला? २७ मार्च १९७४ रोजी विधेयक १० विरुद्ध ३२ मतांनी फेटाळले गेले.

१४ वरून १०. नुसते आकडे पाहिले तर पाठिंबा घटला. पण १९७१ मध्ये प्रश्न होता 'मांडू द्यावे का' एवढाच, आणि १९७४ मध्ये होता 'याचे तत्त्व मान्य आहे का'. शिवाय मधल्या काळात तेव्हाचे विरोधक आता सत्तेत बसले होते. दोन मतदानांची थेट तुलना करणे हे पत्रकारांचे आवडते काम असले तरी ते इथे लागू पडत नाही.

परिणाम

सरकारी विधेयकाचे काय झाले ते आयरिश राजकारणात अजूनही सांगितले जाते. न्यायमंत्री पॅट्रिक कूनी यांनी परवानाधारक औषधविक्रेत्यांकडून आणि फक्त विवाहितांना विक्री, अशी मर्यादित योजना आणली. आघाडीने सदस्यांना मनाप्रमाणे मत देण्याची मुभा दिली. विरोधी फियना फॉलने मात्र विरोधाचा पक्षादेश काढला. १६ जुलै १९७४ रोजी डॉलमध्ये मतविभाजन झाले तेव्हा पंतप्रधान कॉसग्रेव्ह स्वतः विरोधकांच्या बाजूला गेले. आपल्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध पंतप्रधानांनी मत दिलेले पाहून त्यांचे सहकारी थक्क झाले. विधेयक ६१ विरुद्ध ७५ मतांनी पडले.

पुढची पाच वर्षे कायदा तसाच अर्धवट राहिला. रॉबिन्सन १९७६ मध्ये मजूर पक्षात गेल्या आणि विषय लावून धरत राहिल्या. अखेर फियना फॉलच्या सरकारात आरोग्यमंत्री असलेल्या चार्ल्स हॉही यांनी १९७९ मध्ये कायदा आणला. त्यात निरोधसुद्धा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, औषधाच्या दुकानातच आणि 'खऱ्याखुऱ्या कुटुंबनियोजनासाठी'च मिळणार होता. हॉही यांनी त्याचे वर्णन आयरिश प्रश्नावरचा आयरिश तोडगा असे केले, आणि हा वाक्प्रयोग त्या देशात अर्धवट तडजोडींसाठी कायमचा रूढ झाला. प्रौढांना चिठ्ठीशिवाय निरोध मिळण्यासाठी १९८५ उजाडावे लागले, आणि तेव्हाही डॉलमधले मतदान ८३ विरुद्ध ८० इतके अटीतटीचे झाले.

या सगळ्यात रॉबिन्सन यांचे एकही विधेयक कायदा झाले नाही. मग त्यांच्या सभागृहातल्या कामाचा वाटा किती? १९७१ च्या विधेयकामुळे न्यायालयाचा निकाल लागला, असे म्हणता येणार नाही. स्केरीझच्या जोडप्याला त्यांच्या डॉक्टरांनी आणि वकिलांनी साथ दिली. पण निकाल आला तेव्हा संसदेच्या टेबलावर एक मजकूर तयार होता आणि त्यावर सरकारला भूमिका घ्यावी लागली. मंत्री हे विधेयक नाकारताना 'विषय महत्त्वाचा आहे' असे म्हणून गेले आणि त्या वाक्याने स्वतःलाच बांधले गेले. १९७९ चा कायदा आरोग्यमंत्र्यांनी आणला, न्यायमंत्र्यांनी नव्हे. विषयाचे हे खाते शीर्षकातून सर्वप्रथम बदलले ते १९७३ च्या अशासकीय विधेयकाने.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट शीर्षकाची, जिचा उल्लेख वर आला आहे. १९७१ मध्येच आरोग्याची भाषा वापरली असती तर २५ मते फिरली नसती, हे खरे. पण मार्चमध्ये चर्चमधून वाचल्या गेलेल्या पत्राला उत्तर देणे सोपे झाले असते.

दुसरी गोष्ट मजकूर प्रसिद्ध करण्याची. सभागृहाने अनुमती नाकारली की विधेयक छापले जात नाही, हे आधीपासून माहीत होते. तिघा सिनेटरांनी संपूर्ण मसुदा आधीच स्वतःच्या खर्चाने छापून डॉक्टर, औषधविक्रेते आणि वकील यांच्या संघटनांना वाटला असता, तर वाद 'काहीतरी भयंकर येते आहे' या अफवेवर न चालता कलमांवर चालला असता. ज्याचा मजकूर कोणी पाहिलेला नाही, त्या विधेयकाला शाप देणे फार सोपे असते.

तिसरा मुद्दा वादग्रस्त आहे आणि तो माझा अंदाज आहे. मार्च १९७४ मध्ये दुसरे विधेयक मताला जाऊ न देता चर्चा तहकूब ठेवता आली असती का? सरकारी विधेयक जुलैमध्ये पडले तेव्हा रॉबिन्सन यांचे विधेयक आधीच निकालात निघाले होते. ते जिवंत असते, तर कॉसग्रेव्ह यांच्या मतामुळे तोंडघशी पडलेल्या मंत्र्यांना त्याच आठवड्यात पर्यायी मजकूर हाताशी मिळाला असता. अर्थात कामकाजाचा क्रम बहुमताच्या हाती होता, त्यामुळे तहकुबी मागूनही मिळाली असती याची खात्री नाही. विधेयक मागे घेऊन पुन्हा मांडणे एवढाच मार्ग पूर्णपणे त्यांच्या हातात होता.

साथीदारांच्या निवडीबद्दलही बोलता येईल. तिन्ही सह्या विद्यापीठांच्या सदस्यांच्या होत्या. पाच व्यावसायिक गटांमधला, कौन्सिलरांच्या मतांवर आलेला, ग्रामीण भागातला एखादा सिनेटर चौथा म्हणून मिळाला असता तर शहरी शहाण्यांचा कट हा आरोप बोथट झाला असता. असा कोणी तयार होता की नाही, हे वेगळे.

शेवटची चूक संसदेतली नाही. १९७१ मध्ये घरी आलेली ती पत्रे, हातमोज्यांच्या बोटांसकट, जाळून टाकण्यात आली. त्या वेळी घरातल्या माणसांना दुसरे काही सुचले नसणे स्वाभाविक आहे, पण ती उरली असती तर लोकांची भीती नेमकी कशाची होती ते आज वाचता आले असते. शॅनदच्या इतिवृत्तात ७ जुलैचे मतविभाजन आहे. आयरिश भाषेत 'हो' आणि 'नाही' यांसाठी स्वतंत्र शब्द नाहीत, म्हणून तिथे मते 'टॉ' आणि 'नील', म्हणजे 'आहे' आणि 'नाही', अशा दोन मथळ्यांखाली छापतात. 'टॉ'खाली १४ नावे, 'नील'खाली २५.